विमानात बसायच्या आधी यादी बघितली का?

तिकीट काढताना तुम्ही काय बघता? भाडं, बॅगेला किती किलो, खिडकी मिळते का. चूक करता. आजपासून सगळ्यात आधी युरोपियन युनियनची काळी यादी उघडायची, म्हणजे ज्या विमान कंपन्यांना युरोपात यायला बंदी आहे त्यांची यादी. तिचं सरकारी नाव जरा सभ्य आहे, पण आपण काळी यादीच म्हणू, महापालिकेच्या ठेकेदारांमुळे तो शब्द आपल्या घरचाच झालाय. २००६ च्या मार्चमध्ये पहिली यादी निघाली तेव्हा तिच्यात नव्वदेक कंपन्या होत्या, आता शंभराच्या वर आहेत, म्हणजे सुरक्षितता केवढी वाढली बघा.

यादी वाचायला लागलात की कळेल की बहुतेक नावं तुम्ही जन्मात ऐकलेली नाहीत. किन्शासावाल्या काँगोच्या तर जवळजवळ सगळ्या कंपन्या पहिल्या दिवसापासून आत आहेत. यातल्या कितीतरी कंपन्यांकडे युरोपपर्यंत पोचेल असं विमानच नाही, पण त्याने बिचकू नका. आमच्या सोसायटीने गेटवर 'हत्तींना प्रवेश बंद' असा बोर्ड लावला तर हत्तीमुळे एकही अपघात होणार नाही आणि सेक्रेटरी वार्षिक सभेत तो आकडा छाती फुगवून वाचून दाखवेल. उत्तर कोरियाच्या एअर कोर्योला २०१० पासून फक्त दोन टुपोलेव्ह विमानं घेऊन यायची परवानगी आहे, तेव्हा प्योंगयांगला जाणार असाल तर काउंटरवर नक्की विचारा, त्या दोघांपैकीच आहे ना. आणि बंदीवाल्या कंपनीने बंदी नसलेल्या कंपनीचं विमान पायलटसकट भाड्याने घेतलं तर तिला युरोपात येता येतं. ठेकेदार काळ्या यादीत गेला की पुढचं टेंडर मेव्हण्याच्या नावाने येतं ना, तसंच. फरक एवढाच की इथे काम खरंच मेव्हणा करतो.

आता खरं सांगायचं तर यादी काही उगाच जन्माला आली नाही. जानेवारी २००४ मध्ये शर्म अल-शेखहून निघालेलं फ्लॅश एअरलाइन्सचं विमान लाल समुद्रात पडलं, १४८ जण गेले, बहुतेक फ्रेंच टूरिस्ट. नंतर बाहेर आलं की या कंपनीला स्वित्झर्लंडने २००२ मध्येच दार बंद केलं होतं, आणि शेजारच्या फ्रान्समधल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्यांची माणसं गेली त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे ठरलं की असल्या याद्या कपाटात ठेवायच्या नाहीत, लोकांना दाखवायच्या. इथे माझी चेष्टा थांबते, हे बरोबरच झालं.

पण तुम्हाला तर सल्ला हवाय. मग इंडोनेशियाचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये तिथल्या झाडून सगळ्या कंपन्या यादीत गेल्या, मग एकेक करत सुटत सुटत जून २०१८ मध्ये अख्खा देश स्वच्छ झाला. तुम्ही नियमाने चालणारे, अकरा वर्षं थांबलात, जूनमध्ये यादी बघितली, हिरवा कंदील. ऑक्टोबरमध्ये लायन एअरचं कोरं करकरीत बोइंग मॅक्स जाकार्ताहून उडालं आणि समुद्रात गेलं, १८९ माणसं. पाच महिन्यांनी इथिओपियात तसंच मॅक्स, १५७. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारं सॉफ्टवेअर निघालं, ते बनवलं अमेरिकेत, पास केलं अमेरिकेत. आता विमान बनवणाऱ्यांची काळी यादी कुठे मिळते ते मला विचारू नका. आणि २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने कॉकपिटचं दार आतून लावून १५० जणांसकट विमान आल्प्समध्ये घातलं, ती तर जर्मन कंपनी, यादी करणाऱ्यांच्याच घरातली.

अमेरिकेची तऱ्हा अजून न्यारी. ते कंपनीला नाही, देशाच्या मास्तरालाच मार्क देतात, कॅटेगरी एक किंवा दोन. ३१ जानेवारी २०१४ ला आपल्या डीजीसीएला, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, दोन नंबर मिळाला, कारण तपासणी करणारे इन्स्पेक्टरच पुरेसे नव्हते. मग काय, एअर इंडियाचं मुंबई-नेवार्क बंद? छे हो. आहेत त्या फ्लाइट चालू ठेवा, फक्त नवीन वाढवू नका. म्हणजे डॉक्टरने सांगावं की पाणी दूषित आहे, तरी रोजचे दोन ग्लास पीत राहा, तिसरा पिऊ नका. पण काय सांगू, उपाय लागू पडला! वर्षानुवर्षं रिकामी असलेली पदं भरायची पळापळ झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये आपण परत एक नंबरात. त्यामुळे एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना माझा सल्ला आहे की आझाद मैदानात बसण्यापेक्षा एक पत्र वॉशिंग्टनला टाका.

राहता राहिला नेपाळ, जिथे आपली मंडळी खरंच जातात. डिसेंबर २०१३ पासून तिथल्या सगळ्या कंपन्या यादीत आहेत. तिथल्या खात्याचं एक मोठं दुखणं असं की विमानतळ चालवणारं आणि त्यावर लक्ष ठेवणारं खातं एकच, पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच म्हणा ना. युरोप म्हणतोय दोन करा, तिथे काही अजून मुहूर्त लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याला उतरताना पंखांच्या फ्लॅपचा दांडा सोडून भलतेच दांडे ओढले गेले, प्रोपेलरचा जोरच गेला, ७२ जण. त्याच्या आधीच्या मे महिन्यात जोमसोमला जाणारं छोटं विमान डोंगरावर आपटलं, त्यात ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. आणि बंदीने यातलं काय अडतं? युरोपातला ट्रेकर दोह्याहून चकचकीत विमानाने काठमांडूला उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला जायला त्याच यादीतल्या विमानात बसतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही बसणार, आम्ही बसने जाऊ. जा की. काठमांडू ते पोखरा दोनशेच किलोमीटर, दरडी आणि रस्त्याचं काम धरून आठ-दहा तास. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस याच वाटेवर मर्स्यांगदी नदीत कोसळली, पंचवीसवर माणसं गेली. बसची यादी ब्रसेल्समध्ये कोणी करत नाही.

आम्ही गेलो होतो तेव्हा मी ग्रुपमध्ये यादीचा विषय काढला होता, अगदी मोबाइलवर उघडून. मावशीने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "बरं, मग मुक्तिनाथला काय चालत जायचं का?" पुढे काउंटरवर बॅगा काट्यावर चढल्या, मग आत पंख्यांचं विमान, हवाईसुंदरीने ट्रेमधून गोळी आणि कानात घालायला कापूस दिला. सगळ्यांचा डोळा उजवीकडच्या खिडक्यांवर, हिमालय त्या बाजूने दिसतो ना. मी एकटा डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या मागे लावलेलं सुरक्षेचं कार्ड दोनदा वाचत बसलो, त्यातला विमान पाण्यात उतरल्यावर काय करायचं तो भाग तर तिसऱ्यांदा. २५ मिनिटांत उतरलो. मावशीने कानातला कापूस काढला, झटकला, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात नीट ठेवला, परतीला लागेल म्हणून.