कंटिन्युएशन हा शब्द 'सातत्य'वरून बनवलेला नाही

लातूर-नांदेडकडच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय. त्यात म्हणलंय, गोरे भारतात आले अन आपल्या 'सातत्य'वरून त्यांनी कंटिन्युएशन बनवला, त्याचा अर्थ एकच, खंड न पडता चालू राहणं, अन कंटिन्युइटी, कंटिन्युअन्स म्हणजे पण तेच. पोरं हे वहीत उतरून घ्यायलेत म्हणून लिहायलो.

आधी तारखा बघा. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 मध्ये, अन हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या शेवटीच सापडतो. तो आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, अन लॅटिनमध्ये सिसेरो ह्या रोमन वक्त्यानं ख्रिस्ताच्या आधीच 'कॉन्तिनुआतिओ' हा शब्द सलग जोडलेल्या वाक्यासाठी वापरलाय. कॉन म्हणजे एकत्र, तेनेरे म्हणजे धरणं. कंटेनर, कॉन्टिनेंट हे पण त्याच तेनेरेचे.

मग सातत्याशी नातं नाहीच का? हाय की! अन मला ते त्या मेसेजपेक्षा कितीतरी भारी वाटतं. 'सतत'मध्ये तन् धातू हाय, ताणणं, पसरणं. तंतू, संतती हे पण त्यातलेच. भाषेचे अभ्यासक तन् अन तेनेरे एकाच जुन्या मुळाकडं नेतात, म्हणजे ह्या मावसबहिणी झाल्या, मायलेकी नाहीत. विल्यम जोन्स ह्या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशानं 1786 मध्ये कलकत्त्यात हेच मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या एकाच भाषेतून निघाल्या असाव्यात अन ती मूळ भाषा आता कदाचित उरलेलीच नसेल.

एकच अर्थ, हे तर अजिबात पटत नाही. मधी खंड पडला, माणूस बदलला, तरी पुढच्या भागाला कंटिन्युएशनच म्हणतात. आपल्या पैठणचंच घ्या ना, नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात थांबलं, नाथ गेले, पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं पुरं केलं, इंग्रजीत सांगायचं तर गावबाचा भाग हे कंटिन्युएशन. ब्रिटनमध्ये 1918 च्या शिक्षण कायद्यात कंटिन्युएशन स्कूल होत्या, शाळा सोडून कामाला लागलेल्या पोरांसाठी, म्हणजे तिथं पण शिक्षण तुटल्यावरच हा शब्द आला.

न तुटण्याचा गुण सांगायचा तर कंटिन्युइटी. अन कंटिन्युअन्स म्हणजे तसं चालू राहणंच, पण अमेरिकेच्या कोर्टात वकील तो मागतो तेव्हा त्याला सुनावणी चालू ठेवायची नसते, पुढची तारीख पाहिजे असते.