परदेशातून: ब्लॉकेज किती टक्के, आणि रक्त किती?

अँजिओग्राफी झाली की नाशिकच्या घराघरांत वाद एकच: सत्तर टक्के ब्लॉकेज आहे, मग स्टेंट टाकायचा की नाही? हार्ट अटॅक असेल तर वाद नकोच, थेट कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंट होतात ती खोली) गाठावी. पण चालताना छातीत भरून येणाऱ्या, एरवी स्थिर असलेल्या पेशंटबाबत इथे अमेरिकेत आणखी एक आकडा मागता येतो. हृदयाच्या एक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळतं?

पेट स्कॅन (शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेलं चित्र) तो देतो. विश्रांतीत साधारण ०.६ ते १.२, औषधाने ताण दिल्यावर निरोगी हृदयात २ च्या वर. ताणाच्या आकड्याला विश्रांतीच्या आकड्याने भागायचं. उत्तर २ पेक्षा जास्त आलं तर दिलासा, १.५ च्या खाली गेलं तर काळजी. आपली ‘थॅलियम टेस्ट’ (हल्ली बहुधा टेक्नेशियमवर होते, नाव जुनंच चिकटलंय) स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद झाल्या तर तुलनेला चांगला भाग उरत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

पेटही फसतं. आदल्या दिवशीचा टपरीवरचा कटिंगही पुरू शकतो: कॅफिनमुळे ताण देणाऱ्या ॲडेनोसिन या औषधाचा परिणाम कमी होतो, प्रवाह पुरेसा वाढत नाही आणि हृदय उगाच आजारी ठरतं. म्हणून चहा-कॉफी २४ तास बंद. विश्रांतीतलं बीपी चढलेलं असेल तर मूळ प्रवाहच जास्त, म्हणून भागाकार कमी. अशा वेळी ताणाचा आकडा वेगळा बघावा. श्वासामुळे पेट आणि त्यासोबत काढलेल्या सीटीची चित्रं एकमेकांपासून काही मिलिमीटर सरकली तरी हृदयाच्या बाजूच्या भिंतीवर खोटा दोष उमटतो.

मग नाशिकला हे आणावं का? स्कॅनसाठी टोचायच्या रुबिडियम-८२ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ७६ सेकंद, त्यामुळे ते तयार करणारा जनरेटर पेशंटशेजारीच लागतो आणि पेशंट येवोत न येवोत, चार-सहा आठवड्यांनी बदलावा लागतो. आपल्या गावाला हा हिशेब परवडेल असं वाटत नाही. दुसरा पर्याय किरणोत्सारी अमोनिया, पण त्याला आवारातच सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी द्रव्य बनवणारं यंत्र) हवा. आशा फ्लुओरिन-१८ वाल्या फ्लरपिरिडॅझ या तिसऱ्या द्रव्याची. अमेरिकेत त्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अर्धायुष्य ११० मिनिटं. कसारा घाटात अडकून मुंबईहून पोहोचायला ३ तास ४० मिनिटं लागली तर पाव भाग उरतो, म्हणजे निघतानाच चौपट भरायचं. कॅन्सरच्या पेट स्कॅनसाठी टोचतात ते एफडीजीही फ्लुओरिन-१८ चंच, गणित तेच.

आणि स्कॅन बिघडलेला दिसला म्हणून स्टेंट ठरतो असंही नाही. २०२० च्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ५,१७९ स्थिर पेशंट होते. सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू घटले नाहीत, छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉकेज असलेले त्यात नव्हते, त्यांचा विचार वेगळा.

तोवर संशयास्पद ब्लॉकेजसाठी एफएफआर मागावं: बारीक तार घालून ब्लॉकेजच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते मोजतात, आकडा ०.८० किंवा कमी आला तरच स्टेंटला आधार. सोय आहे का, खर्च किती, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. पेशंट टेबलवर असताना ‘आत्ताच टाकून घेऊ’ म्हटल्यावर नातेवाइकांना ते सुचत नाही.