तीन वर्षांत मॅग्नोलिया फुलला नाही, या तक्रारीला रोपवाटिकेचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या दोन मॅग्नोलियांना, म्हणजे कॅम्पबेली आणि सुलांजियाना या दोन प्रकारांना, एकच तारा देताना तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: कॅम्पबेलीला तीन वर्षांत एकही फूल नाही, सुलांजियानाला मोजक्याच कळ्या आल्या आणि त्याही उमलता उमलता तपकिरी झाल्या, आणि दोन्ही झाडांची पानं पिवळी पडतायत. त्यावरून रोपं निकृष्ट होती असा तुमचा निष्कर्ष आहे. तो आम्हाला मान्य नाही. तुम्ही जोडलेल्या फोटोंतच कारणं दिसतात.

आधी पिवळी पानं, कारण हे सगळ्यात तातडीचं. दोन्ही बुंधे जमिनीत सरळ घुसलेले दिसतात. बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो थोडा पसरट व्हायला हवा. तो भाग मातीखाली गेलाय. मॅग्नोलियाची मुळं जाड, मांसल आणि जमिनीच्या वरच्या थरात पसरणारी असतात. भारी मातीत ती खोल पुरली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात आणि अन्न उचलत नाहीत. हातानेच माती बाजूला करत पहिली आडवी मुळं दिसेपर्यंत या. खुरपं, फावडं नको. माती काढल्यावर तिथे पाणी साचणारा खड्डा होत असेल, तर झाड उचलून वर बसवावं लागेल, आणि तेही वसंताच्या तोंडावर, पानं फुटण्याआधी. थंड, ओल्या मातीत तुटलेली मांसल मुळं भरून येत नाहीत, सडतात. बुंध्याभोवती लावलेली हंगामी फुलझाडंही काढा. दर हंगामाला तिथे खणलं की वरची मुळं तुटतात. त्याऐवजी ५ ते ८ सेंमी जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून १० सेंमी दूर.

पिवळेपणाचं दुसरं कारणही फोटोत आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) तपासून घ्या. ५.५ ते ६.५ असेल तर झाड खूश राहतं. त्याच्या बऱ्याच वर चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा संयुगात बांधलेलं लोह) घेताना डब्यावर ईडीडीएचए या संयुगाचं नाव लिहिलंय का पाहा. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. गंधक घातलं तर सामू उतरायला महिने लागतात, तेव्हा घाईने दुप्पट घालू नका. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं द्या.

सुलांजियानाच्या जवळजवळ प्रत्येक फांदीचं टोक छाटलेलं आहे. ही छाटणी हिवाळ्यात केल्याचं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि लवदार आवरणात, बहुतेक फांद्यांच्या टोकांवर, हिवाळाभर बसून राहतात. म्हणजे फुलंच कापली गेली. शिवाय हिवाळ्याच्या शेवटी केलेल्या जखमांतून रस गळतो आणि त्या उशिरा भरतात. छाटायचंच तर बहर संपून झाड पूर्ण पानांवर आल्यावर, भर उन्हाळ्यात, आणि थोडंच. जोरात छाटलं तर वॉटरशूटचं, म्हणजे सरळ उभ्या वाढणाऱ्या जोमदार फुटव्यांचं, रान माजतं.

उरलेल्या कळ्या दंवाने गेल्या. घट्ट मिटलेली कळी थंडी सोसते. पाकळीचा रंग दिसू लागला की एका गोठणाऱ्या रात्रीत ती तपकिरी होते. सकाळचं पहिलं ऊन गोठलेल्या कळीवर पडलं तर नुकसान वाढतं, आणि तुमचं झाड पूर्वेला उघडं आहे. झाड लहान आहे तोवर तशा रात्री फ्लीसचं (दंवापासून झाड झाकायचं हलकं) कापड टाका. लाकडाला काही झालेलं नाही.

कॅम्पबेलीबद्दल मात्र धीरच धरावा लागेल. हा हिमालयातला वृक्ष आहे. बियांपासून वाढवलेला फुलायला २० ते ३० वर्षं घेऊ शकतो. कलमी झाड हा काळ बराच कमी करतं, पण तीन वर्षांवर आणत नाही. निष्पर्ण फांदीवर २५ सेंमीपर्यंतचं गुलाबी फूल पाहण्यासाठी लोक इतकी वाट पाहतात, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. लवकर फुलं हवी असतील तर त्यासाठी सुलांजियाना आहेच. तो कोवळ्या वयातच फुलतो.

आणखी एक. कॅम्पबेलीच्या बुडातून निघालेला तो जोमदार, वेगळ्या पानांचा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय त्याचा आहे. ठेवलात तर तो कलमावर मात करेल. उन्हाळ्यात तो उगमापासून काढा.

माती बाजूला केल्यावर कलमाचा जोड उघडा पडेल. त्याचा जवळून फोटो आणि सामूचा आकडा आम्हाला पाठवा. जोडावर आडवी चीर असेल किंवा जोड सुटत असेल, तर दोष कलमाचा मानून आम्ही ते झाड बदलून देऊ.