माइक, आधी आंघोळ कर

घाबरण्याची माझी जय्यत तयारी होती. दिवे घालवले, हेडफोन चढवले, बायकोला सांगितलं, "किंचाळलो तर लक्ष देऊ नकोस." ती म्हणाली, "एरवी तरी कुठे देते?"

गेम 'डार्क सीड', डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या जमान्यातला, १९९२ सालचा. चित्रं एच. आर. गिगरची. 'एलियन' सिनेमातला जबड्यात जबडा असलेला प्राणी ज्याच्या डोक्यातून निघाला आणि ज्याला त्या कामाचं ऑस्कर मिळालं, तोच हा स्विस चित्रकार. हाडं, नळ्या, यंत्रं, माणसं, सगळं एकमेकांत वितळलेलं. आपली चित्रं ठोकळेबाज दिसता कामा नयेत, ही त्याची अट. म्हणून तेव्हाच्या मानाने भारी रेझोल्यूशन, ६४० बाय ३५० ठिपके. त्यापायी रंग मात्र फक्त १६. आमच्या सोसायटीच्या जिन्यात पिचकाऱ्या धरून याहून जास्त भरतील. पण त्या १६ रंगांत गिगर असा काही अंगावर येतो, की मानलं बुवा.

नायक माइक डॉसन. गेम रचणाऱ्यानेच नायकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा चेहरा देऊन टाकलाय. त्याने वुडलँड हिल्समध्ये जुनी हवेली घेतलीय, आणि पहिल्याच रात्री स्वप्नात एक यंत्र त्याच्या डोक्यात परग्रहवासीयांचा गर्भ सोडतं. मुदत तीन दिवस. मी सरसावून बसलो.

सकाळ होते. माइकचं डोकं दुखतंय. आता काय करायचं? न्हाणीघरातलं कपाट उघडून ॲस्पिरिन शोधायची. मग शॉवर. मानवजात धोक्यात आहे आणि मी माउस धरून एका परक्या बाप्याला आंघोळ घालतोय! त्यात हा चालतो इतका सावकाश, की मागून डोकावणारी बायको म्हणाली, "अहो, हा काय मयतीला निघालाय?"

इथला खरा राक्षस म्हणजे घड्याळ. ते चालूच राहतं. अमुक वेळेला तमुक जागी नसलात, की संपलं. आणि 'संपलं' हे तुम्हाला कुणी सांगत नाही, हा त्यातला पाजीपणा. खुशाल खोल्या हिंडा, कपाटं उघडा. तिसऱ्या दिवशी डोक्यातलं पिल्लू बाहेर येईल तेव्हा कळेलच. शेजारचा डेलबर्ट कुत्र्याला काठी फेकत असतो. ती काठी हाती लागली नाही, तर दिवाणखान्यातल्या आरशापलीकडच्या काळ्या जगात तिथला कुत्रा तुम्हाला सोडत नाही. पोलीस कोठडीत टाकतात, तर तिथल्या उशीखाली वस्तू लपवायच्या, कारण पलीकडच्या जगातल्या कोठडीत त्या लागणार. हे माणसाला कसं सुचावं? तुरुंगात गेल्यावर आपण वकील शोधू, उशी नव्हे.

शेवटी उकल शोधून वेळापत्रकच लिहून काढलं आणि फ्रिजवर लावलं: 'उठल्यावर गोळी. आंघोळ. वाचनालय. डेलबर्टला भेटणे. काठी. अटक. उशीखाली सामान.'

संध्याकाळी बघतो तर 'अटक'च्या पुढे बायकोच्या अक्षरात: 'सुटल्यावर येताना कोथिंबीर. दहाची जुडी, निवडून.'