‘जसाच्या तसा’ गेम दाखवल्याने चित्रपट वाचत नाही

लाडक्या व्हिडिओ गेमवरचा एखादा चित्रपट आपटला की एकच निदान सगळीकडे फिरू लागते: ‘दिग्दर्शकाने गेम खेळलेलाच नसतो, तो कथा बदलतो, म्हणून चित्रपट फसतो. गेम जसाच्या तसा पडद्यावर आणा आणि सूत्रे तो घडवणाऱ्यांच्या हाती द्या.’ पुरावा म्हणून १९९३ चा फसलेला ‘सुपर मारियो ब्रदर्स’ आणि २०२३ ची, त्याच नावाच्या गेमवरची, गाजलेली ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका पुढे केली जाते. या निदानामागचा राग मला समजतो, कारण तो माझाही आहे. पण निदान चुकीचे आहे.

१९९३ च्या मारियोबद्दल वाद नाही. रंगीबेरंगी, बागडणाऱ्या गेमच्या जागी त्यात डायनासोरांपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचे काळवंडलेले शहर आले, आणि चित्रीकरण सुरू असतानाही पटकथा बदलत राहिली. तो चित्रपट मुळापासून दूर गेला आणि फसलाही. मात्र दूर गेला म्हणूनच फसला, असे म्हणायचे असेल, तर जवळ राहिलेले चित्रपट तरले असायला हवेत.

तसे झालेले नाही, आणि ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयकथेच्या गेमइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही. २००२ पासूनच्या सहा चित्रपटांत नायिका म्हणून ॲलिस नावाचे, गेममध्ये अस्तित्वातच नसलेले पात्र होते, याचा चाहत्यांना राग होता. २०२१ मध्ये नव्या चित्रपटाने ही तक्रार दूर केली: लिऑन, क्लेअर, क्रिस आणि जिल ही गेममधली पात्रे परतली, पोलीस ठाण्याचा दर्शनी हॉल आणि ती जुनी हवेली बारकाईने उभी केली गेली, पहिल्या दोन्ही गेमच्या कथा एकत्र गुंफल्या गेल्या. तरीही चित्रपट निष्प्राण निघाला. १९९६ च्या गेममध्ये भीती हवेलीच्या भिंतींतून येत नव्हती. क्रिसकडे वस्तू ठेवायला सहाच कप्पे, मोजक्या गोळ्या, आणि प्रगती जतन करायची तर टाइपरायटरची शाई लागायची, तीही मर्यादित. त्यामुळे प्रत्येक बंद दारापुढे खेळणाऱ्याला हिशेब करावा लागे, की गोळी आता वापरायची की पुढच्या खोलीसाठी राखायची. चित्रपटात दार दुसराच कोणीतरी उघडतो आणि गोळ्या प्रेक्षक मोजत नाही. हवेली हुबेहूब आली, पण हा हिशेब मागेच राहिला, आणि त्याची जागा घेईल असे काही पटकथेने शोधलेच नाही.

‘डूम’ या गोळीबाराच्या गेमवरच्या चित्रपटाने २००५ मध्ये हाच प्रयोग कॅमेऱ्याने केला. काही मिनिटे सगळे दृश्य गेमप्रमाणे बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांतून दिसते. नक्कल चोख आहे, पण ती पाहताना मित्राच्या शेजारी बसून त्याचा खेळ बघत राहिल्यासारखे वाटते, आणि आपली पाळी काही येत नाही.

सूत्रे गेमच्या निर्मात्यांच्या हाती देण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ‘फायनल फँटसी’ ही गेममालिका ज्यांनी जन्माला घातली, त्या हिरोनोबू साकागुची यांनीच २००१ चा चित्रपट दिग्दर्शित केला. सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्चून त्याची कमाई साडेआठ कोटींच्या आसपास थांबली. आणि मूळ गेमपासून दूर, भविष्यातल्या पृथ्वीवर कथा नेण्याचा निर्णयही त्यांचाच होता. गेम रचण्याचे कौशल्य आणि दृश्ये रचण्याचे कौशल्य एकच नव्हे.

यावर २०२३ च्या मारियो ॲनिमेशनपटाचा दाखला दिला जातो: मुळाशी इमान राखले आणि १३० कोटी डॉलरांहून अधिक कमावले. कमाई खरी आहे आणि मुलांचा आनंदही. पण त्यातला माझ्या मते सर्वांत जिवंत भाग ओळखीच्या वस्तूंच्या मिरवणुकीत नाही. मारियो अडथळ्यांच्या मार्गावर पुन्हा पुन्हा पडतो आणि पुन्हा सुरुवातीपासून धावतो, त्या सरावाच्या प्रसंगात तो आहे. पडणे आणि परत धावणे हाच तो गेम खेळण्याचा अनुभव, आणि इथे तो हातात कंट्रोलर नसलेल्या प्रेक्षकापर्यंतही पोहोचतो.

उरला ‘द लास्ट ऑफ अस’चा मुद्दा. ती मालिका मुळाला धरून आहे म्हणून चांगली, असे म्हणणाऱ्यांनी तिचा तिसरा भाग पुन्हा पाहावा. गेममध्ये बिल हा कडवट, एकटा माणूस. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून निघालेला आणि शेवटी गळफास घेतलेला सापडतो. तिथे बिलचे गाव लढाईसाठी आहे, कारण खेळणाऱ्याला शत्रू हवेत. मालिका घडवणारे क्रेग मेझिन आणि गेमचे लेखक नील ड्रकमन यांनी मालिकेत लढाई जवळजवळ काढून टाकली आणि त्या दोघांचे अनेक वर्षांचे सहजीवन दाखवले. सर्वांत जास्त वाखाणला गेलेला भाग तोच, आणि मुळापासून सर्वांत दूर गेलेलाही तोच.

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात कथा मात्र तीच ठेवली आहे, तरी मांडणी बदलली आहे. गेममध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर, एली या मुलीला वाचवायला आलेल्या नायक जोएलच्या वाटेत उभा असतो आणि त्याला मारल्याखेरीज गेम पुढे सरकत नाही. बटण आपल्यालाच दाबावे लागते, आणि ते दाबताना हात अडखळतो. मालिकेत आपल्या हातात काहीच नाही. म्हणून त्या खोलीकडे जाताना रुग्णालयातल्या गोळीबाराचा आवाज दबवला आहे, वर संथ, शोकाकुल संगीत आहे, आणि ज्याच्यावर आठ भाग जीव लावला, त्या माणसाला एकामागून एक माणसे मारताना आपल्याला नुसते बघत राहावे लागते.