गुरू की यूट्यूब, पण बसायचं कुठे?

गुरूशिवाय वाद्य येतं का, ह्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर परत जुंपलीय. निमित्त भाच्याचं. तो यूट्यूब बघून तबला शिकतोय आणि बऱ्यापैकी वाजवतोय. मामा म्हणतात हाताला चुकीचं वळण लागलं की जन्मात सुटत नाही, क्लास लावा, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊ द्या. ताई म्हणते क्लासची फी बघितलीय का, आणि पोरगं आनंदाने वाजवतंय ना मग झालं. मी आयर्लंडमधे लिमरिकला राहतो, नोकरी सांभाळून इथली टिन व्हिसल आणि बाउरान नावाचं डफासारखं चामड्याचं वाद्य दोन्ही क्लास न लावता शिकलो, त्यामुळे ताईला वाटतं मी तिच्या बाजूचा. पण मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात.

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची पत्र्याची बासरी, साधी दहा-पंधरा युरोत मिळते. लहानपणी जत्रेतल्या बासरीवर बोटं फिरवलेली, ती इथे कामी आली. आपल्या बासरीत वरची तीन भोकं बंद केली की सा, इथल्या डी पट्टीच्या व्हिसलवर तेच बोट म्हणजे जी, आणि जी मधल्या धुनी इथे भरपूर, सो ओळखीच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. फरक शुद्ध मध्यमाला. बासरीत आपण भोक अर्धं उघडतो, इथे वरचं भोक उघडं ठेवून खालची दोन झाकतात. हे सगळं व्हिडिओतून कळतं, कट, रोल अशा सुराला सजवणाऱ्या बोटांच्या हरकती कशा घ्यायच्या तेही कळतं. जे कळत नाही ते म्हणजे रोल कुठे घ्यायचा नाही.

ते मला पबमधल्या सेशनमधे कळलं. सेशन म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल, फिडल म्हणजे व्हायोलिन, कॉन्सर्टिना म्हणजे हातातली छोटी भात्याची पेटी, फ्ल्यूट घेऊन माणसं गोल बसतात, एकेक धुन दोन-तीनदा वाजवतात आणि न थांबता पुढच्या धुनीत शिरतात. समोर कागद नाही, स्टेज नाही. धुन येत नसेल तर गप बसून ऐकायचं. बाउरान शक्यतो एका वेळी एकच, दुसऱ्याने थांबायचं किंवा विचारून घ्यायचं. शेजारी बसणाऱ्या एका आजोबांनी मला बाउरानचा डावा हात दाखवला, म्हणजे आतल्या बाजूने तळवा चामड्याला लावून वर सरकवला की आवाज चढतो, आणि मग म्हणाले आता टिपर, म्हणजे वाजवायची काठी, खाली ठेव आणि फिडलवाल्याचा पाय बघ. जिग ही नाचाची धुन म्हणजे सहाचा हिशोब, आपल्या दादऱ्याच्या जवळचा, पण त्यातला लयीचा डोल तो पाय बघूनच हातात आला.

डूलिनचा मिको रसेल इथलं मोठं नाव, काउंटी क्लेअरचा शेतकरी माणूस, व्हिसल ऐकून ऐकून स्वतःच शिकला आणि 1973 मधे ऑल आयर्लंड स्पर्धा जिंकला. पण तो एकटा खोलीत बसून नाही शिकला, आजूबाजूला वाजवणारी माणसं होती. उलट बाजूने बघा, 1951 मधे स्थापन झालेली कोल्तस ही आयरिश पारंपरिक संगीताची संस्था क्लास घेते, परीक्षा घेते, स्पर्धा भरवते, आमच्या लिमरिकच्या युनिव्हर्सिटीत ह्या संगीताची पदवीसुद्धा आहे. तरी भांडण नाही, कारण पदवीवाला आणि माझ्यासारखा संध्याकाळी एकाच टेबलावर येतात आणि तिथे सर्टिफिकेट कोणी विचारत नाही.

आता मला सांगा, असं टेबल आपल्याकडे नाही का? आहे की. भजनी मंडळ म्हणजे दुसरं काय आहे? वारीत दिंडीत पोराच्या हातात आधी टाळ देतात, मृदंग वाजवणाऱ्याच्या जवळ चालत चालत ते ठेका पकडतं, कोणी फी घेत नाही. पण आपल्या चर्चेत ह्याची गिनतीच नाही. भजनात वाजवतो म्हटलं की माणसं विचारतात, बरं, पण विशारद केलंय का? हे मला खरंच लागतं, कारण इथे परक्या देशात लोकांनी मला ज्या पद्धतीने सामावून घेतलं तीच पद्धत आपण घरी दुय्यम मानतो.

मामांचं एक म्हणणं मला मान्य आहे. ख्याल शिकायचा असेल, किंवा तबल्यात कायदे-रेले अशा ठरलेल्या रचना नीट करायच्या असतील तर गुरू लागतोच, राग काही टेबलाभोवती बसून उलगडत नाही. आयरिश धुन दोन भागांची, आठ-आठ मात्रागटांची, छोटी असते, म्हणून ती कानाने उचलता येते. म्हणून इकडचा नियम सरसकट तिकडे लावू नका. पण भाचा आत्ता केरवा आणि भजनी ठेका वाजवतोय, त्याला आत्ता हवाय समोर गाणारा माणूस, जो चाल बदलेल, मधेच थांबेल, लय वाढवेल. व्हिडिओतला गाणारा त्याच्यासाठी थांबणार नाही आणि क्लासमधे एका तासात पंधरा पोरं असतात.

ताई, क्लास लाव नाहीतर नको लावू, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गुरुवारी दत्तमंदिरात भजन असतं ना अजून? त्याला तिथे पाठव, पहिले काही आठवडे फक्त टाळ धरू दे, आणि बुवा त्याला तबल्याशेजारी बसवून घेतात का ते मला ग्रुपवर कळव.