जाहिरातीतला शेवटचा मराठी वाचक

जाहिरातीसाठी माणसाचा आवाज घ्यावा की एआयने तयार केलेला, या वादात बहुतेक जण 'यंत्राच्या आवाजात भावना नसते' या मुद्द्यापाशी येऊन थांबतात. मला हा मुद्दा लंगडा वाटतो. आजचे यंत्र हवे तेव्हा गहिवरून दाखवते, आणि साबणाच्या २० सेकंदांच्या स्पॉटमध्ये एरवी तरी भावनेचा असा कोणता पूर येत होता? हिंदीतून मराठीत येणाऱ्या जाहिरातींची कॉपी, म्हणजे त्यांतला मजकूर, लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, मराठी व्हॉइस ओव्हर कलाकाराबरोबर त्या जाहिरातीचा शेवटचा मराठी वाचकही स्टुडिओबाहेर जातो.

बाहेरच्यांना हे काम कसे चालते ते ठाऊक नसते. मूळ जाहिरात-फिल्म हिंदीत बनते, तिच्या एकेका शब्दावर बैठका झडतात आणि मग मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा सगळ्या आवृत्त्या घाईघाईने उरकल्या जातात. मराठीच्या वेळी एजन्सीकडून आलेल्या माणसाला मराठी येत असेलच असे नाही. एकदा एका जाहिरातीत मुलगा थकलेल्या आईला म्हणतो, 'माँ, आप आराम कीजिए', असे वाक्य होते. एजन्सीने भाषांतर परस्पर करून घेतले होते आणि कागदावर आले होते, 'आई, तुम्ही आराम करा.' मुलाचा आवाज देणारा कलाकार हेडफोन काढून म्हणाला, "अहो, आईला अहो-जाहो कोण करतं? 'आई, तू बस जरा' म्हणू का?" ओठांच्या हालचालीशी जुळते का, एवढे रेकॉर्डिस्टने पाहिले आणि दुसऱ्या टेकला वाक्य ओके झाले. या दुरुस्तीचे वेगळे मानधन त्याला मिळाले नाही, मिळतही नसते. यंत्राला तोच कागद दिला असता तर त्याने 'आई, तुम्ही आराम करा' हे वाक्य अत्यंत मुलायम आवाजात, एकही श्वास न चुकवता म्हटले असते.

उच्चारांचे तेच. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि ते लिपीत दिसत नाहीत. 'चार' आणि 'चारा' यांतला फरक वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावा लागतो. यंत्राच्या आवाजात 'पैसा'मधला ऐकार हिंदीसारखा सपाट होतो, 'विज्ञान'चे 'विग्यान' होते आणि 'जरा'मधला ज 'जीवन'मधल्या ज सारखा येतो. अलीकडची काही यंत्रे यात पुष्कळ सुधारली आहेत, हे मान्य करायलाच हवे. प्रश्न चूक झाल्यावरचा आहे. मंजुरी देणाऱ्या खोलीत मराठी कानच नसेल, तर 'विग्यान' थेट तुमच्या-आमच्या टीव्हीवर येऊन पोहोचते. हिंदी फिल्मसाठी नामवंत आवाज घेणारा ग्राहक, म्हणजे जाहिरात करून घेणारी कंपनी, मराठी आवृत्तीत यंत्रावर भागवतो, याचे कारणही मला हेच दिसते: तिथे कोणी ऐकत नाही, म्हणून तिथे काटकसर खपते.

हे आवाज आपल्या घरात फार जुने आहेत. विविध भारतीने १९६७ मध्ये व्यापारी जाहिराती सुरू केल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर इथूनच. तेव्हापासून आपण असंख्य आवाज ओळखतो, पण त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. नेमकी हीच अनामिकता आता त्यांच्या मुळावर आली आहे. अरिजीत सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेशाने रोखले आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने संरक्षण दिले. दोन्ही आदेश स्वागतार्हच आहेत, परंतु त्यांचा पाया प्रसिद्धी हा आहे. जिचा आवाज सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, पण नाव कोणालाच ठाऊक नाही, अशा कलाकार बाईंनी न्यायालयात जाऊन काय सांगायचे? त्यांनी कधीकाळी 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे लिहिलेल्या करारावर सही केलेली असते आणि त्या काळी त्या शब्दांचा अर्थ फार तर 'हीच जाहिरात पुन्हा लावू' एवढाच होता.

संमती घेऊन हे करता येते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खान यांचा चेहरा आणि आवाज वापरून गल्लीबोळांतल्या दुकानांची नावे त्यांच्या तोंडून वदवली, ती त्यांच्या सहभागाने. अमेरिकेत कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये ध्वनिजाहिरातींपुरता एका कंपनीशी करार केला. त्यात कृत्रिम आवाजाच्या प्रत्येक जाहिरातीसाठी कलाकाराची वेगळी परवानगी लागते आणि दर कलाकार ठरवतो. आपल्याकडच्या करारांतही असे एक कलम यावे, एवढी माफक अपेक्षा आहे.

तालुक्याच्या गावातला साडीदुकानदार रिक्षावर भोंगा लावून यंत्राच्या आवाजात सेल पुकारत असेल, तर माझी काही तक्रार नाही; तो एरवीही मुंबईहून कलाकार बोलावणार नव्हता. चित्रीकरणाआधीचा कच्चा स्क्रॅच ट्रॅक, म्हणजे तात्पुरता आवाज, यंत्राने करावा. म्युच्युअल फंडाच्या जोखमीची ती धापा टाकत म्हणायची ओळ तर त्याला खुशाल कायमची देऊन टाकावी.

मी मात्र अलीकडे एक अट घालू लागलो आहे. आवाज यंत्राचा असला, तरी अंतिम मंजुरीआधी तो ऐकायला मराठी जाणणारा माणूस बसवायचा. अनेकांनी हसून टाळले. एका ग्राहकाने ती मान्य केली आणि ऐकायला बसवले ते यंत्र येण्यापूर्वी त्याच ब्रँडला आवाज देणाऱ्या कलाकारालाच, पूर्वीच्या निम्म्याहून कमी मानधनावर. त्या कलाकाराने पहिल्याच फेरीत अर्धी कॉपी बदलायला लावली.